पट्टा की बिनपट्टा: चार पँट आणि एका कमरेचे प्रकरण

यंदा मृग लागण्याच्या सुमारास एक गृहस्थ चार पँट आणि एक चामडी पट्टा पिशवीत घालून आमच्या साताऱ्यातल्या शिलाईच्या दुकानात आले. वय ५४, उंची पाच फूट सहा इंच, सहकारी बँकेत शाखाधिकारी; शर्ट रोज खोचलेला असावा लागतो आणि दिवसातले सात-आठ तास खुर्चीत जातात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, चारही पँटच्या कमरा अशा अल्टर करून द्याव्यात की पट्टा लावण्याची गरजच उरू नये. कारण विचारल्यावर त्यांनी उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूवर तळहात ठेवला. तिथे गेले पाच महिने मुंग्या येत होत्या, मधूनच आग होत असे आणि कधी तेवढाच भाग बधिर पडत असे. डॉक्टरांनी तपासून मेराल्जिया पॅरेस्थेटिका असे निदान केले होते, वजन कमी करायला सांगितले होते आणि कमरेचा पट्टा सैल ठेवण्याची ताकीद दिली होती.

या विकाराला हे नाव १८९५ सालापासून आहे. मांडीच्या बाहेरच्या त्वचेला संवेदना पुरवणारी एक नस जांघेच्या वरच्या टोकाशी, कमरेच्या पुढच्या हाडाजवळून खाली उतरते आणि त्याच जागी ती दाबली जाण्याची शक्यता असते. सुटलेले पोट, वाढलेले वजन, मधुमेह आणि कमरेला घट्ट बसणारा कपडा अशी तिची नेहमीची कारणे सांगितली जातात. औषधोपचार हा माझा प्रांत नाही. परंतु ज्या रेषेवर या गृहस्थांचा पट्टा बसत होता, ती रेषा बरोबर त्या हाडावरून जात होती, एवढे टेप हातात घेतलेल्या माणसाला सहज दिसत होते.

मी आधी पँट न पाहता पट्टा पाहिला, कारण पट्टा खोटे बोलत नाही. पट्टा ३५ मिलिमीटर रुंदीचा होता, त्याला पाच भोके होती आणि दोन भोकांत एकेक इंचाचे अंतर होते. टोकाकडून मोजता चौथ्या भोकापाशी एक जुनी, काळपट पडलेली वळी होती. म्हणजे काही वर्षांपूर्वी कंबर तेवढी होती. सध्याची वळी दुसऱ्या भोकापाशी होती आणि ते भोक ताणून लांबट, अंड्याच्या आकाराचे झाले होते. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये आणखी एक भोक होते, कडा करपलेले, उघडच घरी खिळा तापवून पाडलेले. एका भोकात पट्टा सैल पडतो आणि पुढच्यात रुततो, म्हणून माणूस अर्ध्या इंचासाठी खिळा तापवतो. पट्ट्याच्या या मर्यादेकडे कोणी फारसे लक्ष देत नाही: तो इंचाइंचाने बदलतो, आणि कंबर मात्र सकाळी उठल्यावर, जेवल्यावर आणि खुर्चीत बसल्यावर वेगवेगळी असते.

पुढे जाण्यापूर्वी शब्दांची एक अडचण दूर करतो. आमच्या धंद्यात पँटच्या वरच्या पट्टीलाच 'बेल्ट' म्हणतात; 'कट बेल्ट' आणि 'लाँग बेल्ट' हे शब्द चामड्याच्या पट्ट्याविषयी नसून त्या कापडी पट्टीच्या बांधणीविषयी असतात. गोंधळ नको म्हणून या लेखात कापडाच्या पट्टीला कमरपट्टी आणि चामड्याच्या वस्तूला पट्टा म्हटले आहे. पट्टा ओवण्याच्या बंदांना आम्ही लुप्प्या म्हणतो, तो शब्द तसाच ठेवतो.

आता मापे. पोटाच्या खालून, म्हणजे ते जिथे पँट नेसत होते तिथे, घेर साडेसदतीस इंच, बेंबीवरून साडेएकेचाळीस, सीट, म्हणजे नितंबांचा घेर, साडेचाळीस. या तीन आकड्यांतच सगळे प्रकरण सामावलेले आहे. सडपातळ माणसाच्या अंगावर कंबर अरुंद आणि तिच्याखाली नितंब रुंद असतात, त्यामुळे कमरेला आवळलेली कोणतीही वस्तू खालच्या रुंदीवर टेकून राहते. या गृहस्थांच्या पुढच्या बाजूला नेमके उलट होते. पोटाखालची रेषा अरुंद आणि तिच्यावर शरीर बाहेर झुकत गेलेले. घरची बादली घ्या, तिच्या मध्यावर दोरी बांधा आणि दोरी आवळत जा. दोरी वर चढत नाही, खालच्या अरुंद बाजूकडे सरकते. वर रुंद होत जाणाऱ्या उतारावर ताण दिला की त्याचा काही भाग खालीच ढकलतो. म्हणजे पट्टा जितका घट्ट करावा तितकी पुढची बाजू अधिक खाली जाते, ती खाली गेली म्हणून माणूस आणखी एक भोक आवळतो, आणि तो सगळा दाब कमरेच्या त्या दोन हाडांवर येऊन बसतो.

त्यात वजनाची भर. कुतूहल म्हणून मी त्यांच्या खिशातल्या वस्तू वजनकाट्यावर ठेवल्या. मोबाईल १९५ ग्रॅम, पाकीट १४०, किल्ल्यांचा जुडगा १६०. बकलासह पट्टा स्वतःच १९० ग्रॅम भरला. पँट धरून ठेवण्यासाठी लावलेली वस्तू धरण्याच्या ओझ्यात स्वतःची भर घालते, हे पाहून ते हसले, पण लगेच म्हणाले, "मास्तर, पट्टा काढतो खरा, पण कॅश काउंटरसमोर पँट घसरली तर ती धरायला तुम्ही येणार का?" प्रश्न रास्त होता. पट्टा लावायचा की नाही, असा विचार ते करत होते; मला मात्र आधी पँट शरीरावर कशाच्या आधाराने टांगायची हे ठरवायचे होते. ते एकदा ठरले की पट्ट्याचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

पँटला पट्टा हवाच ही समजूत फार जुनी नाही. इंग्रजी पद्धतीची पँट मुळात बेंबीच्या आसपास नेसली जाई आणि ती खांद्यावरून येणाऱ्या दोन पट्ट्यांवर, म्हणजे गॅलिसवर, टांगलेली असे. आपल्याकडे लहान मुलांच्या चड्ड्यांना गॅलिस असत, ते अनेकांना आठवत असेल. अमेरिकेत लिव्हाय स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांना रिवेट मारलेल्या कामकरी पँटचे पेटंट १८७३ साली मिळाले, तेव्हा त्या पँटला गॅलिसची बटणे होती आणि मागे आवळण्याची एक पट्टी होती, लुप्प्या नव्हत्या. लुप्प्या आल्या १९२२ साली, गॅलिसची बटणे गेली १९३७ साली आणि मागची पट्टी दुसऱ्या महायुद्धातल्या काटकसरीत गेली. मधली पंधरा वर्षे एकाच पँटवर तिन्ही सोयी नांदत होत्या, ज्याने त्याने आपल्या सवयीप्रमाणे वापराव्यात म्हणून. पुढे पँटची कंबर खाली खाली येत गेली आणि खालच्या कमरेला पट्ट्यावाचून पर्याय उरला नाही. लंडनच्या सिम्पसन कंपनीने १९३० च्या दशकात डॅक्स नावाची पँट काढली, तिच्या कमरपट्टीच्या आत रबराच्या पट्ट्या होत्या. शर्ट निसटू नये आणि पट्टा-गॅलिस दोन्ही लागू नयेत हा तिचा दावा होता. आपल्या बाजूला पाहिले तर नेफा आणि नाडी हीच मुळात बिनपट्ट्याची व्यवस्था, आणि ती अर्ध्या इंचाने नव्हे, सुताने सैल किंवा घट्ट करता येते. त्या गृहस्थांना घरच्या लेंग्यात मांडीला मुंग्या येत नसत, हे त्यांनी स्वतःच सांगितले.

जुन्या चार पँटचे काही होण्यासारखे नव्हते, हे मला पहिल्याच दिवशी सांगावे लागले. तयार पँटच्या मागच्या शिवणीत जेमतेम अर्धा-पाऊण इंच मार्जिन असते. घेर थोडा वाढेल, पण पुढचे आसन, म्हणजे दोन्ही पायांच्या जोडापासून कमरेपर्यंतचे माप, साडेनऊ इंचच होते. ते वाढवायला कापडच नसते. शिवाय लुप्प्या उसवल्या की खाली न विटलेल्या कापडाचे गडद चौकोन आणि सुईची भोके उरतात. लुप्प्या ठेवून पट्टा न लावणे हा आणखी एक मार्ग असतो. पण रिकाम्या लुप्प्यांचा माणूस घाईत पट्टा विसरून आल्यासारखा दिसतो, आणि शाखाधिकाऱ्याने तसे दिसणे त्यांना मान्य नव्हते. तात्पर्य, हा निर्णय कापडाला कात्री लावण्यापूर्वी घ्यावा लागतो.

मी त्यांच्यासमोर जे पर्याय मांडले त्यांतला गॅलिस हा शरीररचनेच्या दृष्टीने सर्वांत योग्य होता, हे आजही माझे मत आहे. गॅलिसवरची पँट कमरेला एक इंच सैल ठेवता येते, वजन खांद्यावर जाते, पोट कुठेच आवळले जात नाही आणि बसल्यावर वाढणाऱ्या घेराला जागा मिळते. परंतु कोटाविना, उघड्या शर्टावर, उन्हाळ्यात घामाने भिजलेल्या पाठीवर दोन पट्ट्या घेऊन बँकेत बसण्यास त्यांनी साफ नकार दिला. ग्राहक जे वापरणार नाही ते शास्त्रशुद्ध असून उपयोग नाही. पूर्ण इलास्टिकची कमर त्यांनी आणि मी, दोघांनीही नाकारली. ती चुणते, इस्त्रीखाली आणि धुण्यात लवकर मरते, आणि शर्ट खोचला की सगळ्या चुण्या समोर येतात. लुप्प्या ठेवून कमर अचूक मापाची शिवायची आणि पट्टा केवळ शोभेला सैल लावायचा, हा मध्यममार्ग पुष्कळांना चालतो; ज्यांच्या कमरेला नैसर्गिक खाच आहे त्यांना मी तोच सुचवतो. या गृहस्थांच्या बाबतीत धोका सवयीचा होता. पट्टा अंगावर असला की हात तो आवळणारच.

राहिली बिनलुप्प्यांची, बेंबीच्या रेषेला नेसायची, दोन्ही कुशींना कापडी बंद असलेली पँट. बंदाला धातूचे बकल लावतात किंवा दोन बटणे. मी बटणे निवडली, कारण इथल्या घामाने आणि पावसाळी हवेने स्वस्त बकलांना गंज चढतो आणि पाठीच्या खुर्चीवर ते टोचते. प्रत्येक कुशीला एकेक इंचाच्या अंतरावर दोन बटणे, म्हणजे दोन्ही बाजू मिळून दोन इंचांची सोय. शिवाय एकाच कुशीचे बटण बदलले तर एका इंचाची.

त्यांची मुख्य हरकत दिसण्याविषयी होती. "पट्टा नसलेली पँट म्हणजे पायजमाच की हो." यावर वाद घालण्यापेक्षा मी त्यांना आरशासमोर उभे केले आणि पट्ट्यासकट व पट्ट्याविना असा फरक दाखवला. फिकट शर्ट, गडद पँट आणि मध्ये चकाकणारे बकल, असे असले की नजर बरोबर पोटाच्या सर्वांत पुढे आलेल्या भागाखाली थांबते आणि पाय तिथून सुरू झाल्यासारखे आखूड दिसतात. कमर वर नेली आणि पट्टी त्याच कापडाची ठेवली की पाय तीन इंच वरून सुरू होतात. बुटक्या, पोट सुटलेल्या माणसाला बिनपट्ट्याची पँट शोभते ती या कारणाने. फॅशनचा त्यात भाग थोडा. ते पूर्ण पटले असे नाही, पण एक पँट शिवून पाहायला तयार झाले.

पहिली पँट मी दुकानात उरलेल्या साध्या टेरीकॉटच्या कापडाची, केवळ ट्रायलसाठी, कच्ची शिवली, आणि ती फसली. चूक माझी होती. कमरेभोवती टेप फिरला की माणूस नकळत पोट आत घेतो. हे तीस वर्षे माहीत असूनही मी त्या दिवशी घाईत उभ्याचेच माप घेतले होते. पट्ट्याच्या पँटमध्ये अशी चूक लपते. कमर इंचभर मोठी झाली तर पट्टा आवळतो, लहान झाली तर ती पोटाखाली सरकवली जाते. शिंप्याच्या निम्म्या चुका पट्ट्याच्या आड झाकलेल्या असतात, असे म्हटले तरी चालेल. बिनपट्ट्याच्या पँटला असा आडोसा नाही. उभे असताना ती नीट बसली, खुर्चीत बसताच पुढचे हुक ताणले गेले आणि कमरपट्टीची वरची कड बरगड्यांखाली रुतली. ते स्कूटरवरून येतात, म्हणून मी त्यांना स्टुलावर पुढे वाकून बसायला सांगितले. तिथे तर श्वासच अडला.

मापे पुन्हा घेतली, या वेळी त्यांना बँकेतल्या गर्दीविषयी प्रश्न विचारत, म्हणजे बोलता बोलता पोट आपल्या जागी यावे. बेंबीवरचा घेर उभ्याने बेचाळीस निघाला, बसल्यावर सव्वात्रेचाळीस. आधीच्या मापापेक्षा उभ्यानेच अर्धा इंच जास्त. दुसऱ्या पँटमध्ये तीन बदल केले. कमरपट्टी सरळ न कापता किंचित गोलाईत कापली, कारण पोटावर बसणाऱ्या पट्टीची वरची आणि खालची कड एका लांबीची असून चालत नाही. पुढचा मध्य पाऊण इंच खाली उतरवला आणि मागची बाजू तेवढीच वर नेली, त्यामुळे बरगड्यांखालचा दाब गेला आणि मागून शर्ट निसटणेही थांबले. तिसरा बदल बाहेरून दिसत नाही: कुशीच्या बंदाच्या मागे, कमरपट्टीच्या आत, दोन्ही बाजूंना अडीच इंच लांबीचे इलास्टिक दडवले. उभे असताना ते स्वस्थ असते, बसल्यावर दोन्हीकडून मिळून सव्वा इंच सोडते.

बांधणी लाँग बेल्टची ठेवली, म्हणजे कमरपट्टी चेनच्या पुढे दोन इंच जाते आणि आत दोन हुक व एक बटण अशा तीन ठिकाणी ताण वाटला जातो. पट्टा असताना हा ताण पट्टा घेतो. पट्टा नसताना एकट्या हुकावर भरवसा ठेवणे म्हणजे आज ना उद्या हुक वाकणार. कमरपट्टीची रुंदी नेहमीच्या दीड इंचाऐवजी दोन इंच, आतले बकरम, म्हणजे ताठपणासाठी घातलेले कडक कापड, मात्र पातळ. जाड बकरम पोटावर घडी पडली की मोडते आणि ती मोड परत जात नाही. आतून शर्ट धरून ठेवणारी, रबरी रेघांची ग्रिपर पट्टी. पुढे प्रत्येक बाजूला एकेक प्लेट, म्हणजे दुमडून घातलेली चूण, बाहेरच्या दिशेने उघडणारी. मागच्या शिवणीत दोन इंच मार्जिन, कारण डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितले होते आणि माणूस नेहमी सांगितल्याप्रमाणे वागतोच असे नाही. या सगळ्याला १ मीटर ३० सेंटीमीटर कापड लागले, एरवी त्यांच्या उंचीला १ मीटर २० पुरते.

एक गोष्ट शिवणकामाने सुटली नाही, ती खिशांची. किल्ल्यांचा जुडगा उजव्या खिशात टाकला की बिनपट्ट्याची कमर त्या बाजूला पाव इंच झुकायची. मी खिशाचा वरचा भाग कमरपट्टीत शिवून घेतला, थोडा फरक पडला. खरा फरक पडला तो त्यांनी किल्ल्या बॅगेत ठेवायला सुरुवात केल्यावर.

दुसरी ट्रायल जमल्यानंतर चार पँटचा निर्णय झाला, आणि तो मला अपेक्षित होता तसा सरसकट झाला नाही. तीन पँट बिनपट्ट्याच्या. त्यांतल्या एकीला आतून गॅलिसची सहा बटणे, चार पुढे आणि दोन मागे, कारण मुलीच्या लग्नात कोट घालायचा होता आणि कोटाखाली गॅलिस दिसत नाही. चौथी जाड सुती कापडाची, लुप्प्यांची, त्यांच्याच आग्रहावरून. गावाकडे शेतावर जाताना कमरेला टॉर्च आणि मोबाईलचे कव्हर अडकवावे लागते, ते कापडी पट्टीवर अडकवले तर ती लोंबते. तिथे पट्ट्याचे काम पँट धरण्याचे नाही, वस्तू अडकवण्याचे आहे, आणि ते काम तो उत्तम करतो. त्या पँटची कमरही आम्ही बेंबीच्याच रेषेला नेली आणि पट्टा जाड चामड्याऐवजी विणलेला, हवे तिथे काटा घुसणारा घ्यायला सांगितले, म्हणजे खिळा तापवावा लागू नये.

साडेतीन महिन्यांनी, दसऱ्याच्या आधी, ते पुन्हा आले. मुंग्या बऱ्याच कमी झाल्याचे त्यांनी सांगितले. त्याचे श्रेय पँटला किती आणि रोज सकाळी अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर चालायला लागले त्याला किती, हे ठरवण्याचा मला अधिकार नाही. बंदाचे बटण एका कुशीला एक घर आत आलेले होते, म्हणजे कंबर उतरली होती एवढे नक्की. तक्रारी दोन होत्या. एका पँटच्या बंदाचे बटण इस्त्रीवाल्याकडे तुटले होते आणि त्याने वेगळ्याच रंगाचे लावून दिले होते. दुसरी तक्रार अशी की, सकाळी घाईत ते अजून कधीकधी पट्टा शोधतात, तो सापडत नाही म्हणून चिडतात आणि मग आठवते. एक फायदाही त्यांनी सांगितला, जो माझ्या ध्यानात आला नव्हता: देवळात आणि विमानतळावर पट्टा काढून हातात धरून उभे राहावे लागत नाही.

या वेळी त्यांनी आणखी एका पँटचे कापड आणले आहे. मापे नव्याने घेतली, उभ्याने आणि बसून. बेंबीवर आता एकेचाळीस. बंदांची बटणे कुठे लावायची यावर थोडी चर्चा झाली. ते दोन्ही बटणे आतल्या बाजूला सरकवा म्हणत होते, कारण वजन आणखी उतरणार असा त्यांचा निश्चय आहे. मी एक आत आणि एक जुन्याच जागी ठेवले आहे. दिवाळी तोंडावर आहे.